आधी पाट, मग कॉफी टेबल!

सोमवार ते शुक्रवार एक्सेल शीट, शनिवारी मॉल, रविवारी झोप... आणि एक दिवस कुणीतरी मित्र स्वतः बनवलेलं बुकशेल्फ दाखवतो. झालं! त्याच रात्री ड्रिल मशीन, जिगसॉ आणि बिट्सचा भलामोठा सेट ऑर्डर होतो. दोन महिन्यांनी सगळा ऐवज माळ्यावर.

सुतारकामाचा छंद टिकवायचा असेल तर पहिली खरेदी छोटी ठेवा. बारीक दातांची करवत, पाऊण इंची पटाशी, छोटा रंधा, गुण्या, दोन सी-क्लॅम्प आणि धार लावायचा दगड. बस्स. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट... तिथे हत्यार हातात धरून, वजन बघून घेता येतं.

यातला दगड सगळ्यात महत्त्वाचा. नवी कोरी पटाशी बहुतेक वेळा लाकूड कापत नाही, चेचते. तिची पाठ सपाट घासायची, मग उतरती बाजू २५ ते ३० अंशांच्या कोनात धरून घासत राहायचं. काम बोअर आहे, मान्य! पण बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की ती सटकते. म्हणूनच दुसरा हात कधीही पात्याच्या समोर ठेवायचा नाही.

आता पहिला प्रोजेक्ट. कॉफी टेबल नको, पाट करा. आजीच्या घरी असायचा तोच! दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड फळी आणि खाली दोन आडव्या पट्ट्या. लाकूड घनफुटाच्या भावाने मिळतं आणि या फळीला लागतो घनफुटाचा जेमतेम आठवा भाग. तेव्हा भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये ‘कटपीस आहे का?’ विचारायला लाजू नका. सागवान खिशाला जड वाटलं तर सिल्व्हर ओक घ्या. फक्त नीट वाळलेलं हवं. प्लायवूड मात्र नको, कारण पाट जे शिकवतो ते प्लायवूड शिकवत नाही.

ते म्हणजे, लाकूड हलतं. जुलैत दार चौकटीत अडकतं आणि दिवाळीनंतर आपोआप सुटतं, ते यामुळेच. हवेतला ओलावा पिऊन लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. पाटाखालच्या पट्ट्या फळीच्या रेषांना आडव्या असतात. त्या फेविकॉल लावून पक्क्या केल्या, तर फळीला आटायला जागाच उरत नाही आणि एखाद्या उन्हाळ्यात ती चिरते. म्हणून तिथे गोंद नाही, फक्त स्क्रू. पट्टीचं मधलं भोक नेमकं, कडेची दोन किंचित लांबट.

फ्लॅटमध्ये वर्कबेंच कुठे ठेवणार? नकोच. आपले सुतार पिढ्यान् पिढ्या जमिनीवर बसून, पायाने लाकूड दाबून काम करत आलेत. करवतीचा आवाज ड्रिलइतका शेजाऱ्यांना छळत नाही, हा बोनस. मास्क मात्र लावाच. लाकडाचा भुसा कॅन्सरला कारणीभूत ठरतो, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच जाहीर केलंय.

शेवटी पॉलिश पेपर, आधी १२० नंबर, मग २२०, कायम रेषांच्या दिशेने. वरून जवसाच्या तेलाचा पातळ हात. तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. बाहेर मोकळ्या हवेत पसरून वाळवा, नाहीतर सरळ पाण्यात बुडवा.