लिप्पेची निवडणूक व शेतकऱ्याचें मत

निवडणुकीचे दिवस आले म्हणजे आपल्या गांवोगांवीं एक वाक्य हमखास ऐकूं येतें, "आमच्या चार मतांनीं काय होणार?" असें म्हणणाऱ्या बंधूंस जर्मनींतील लिप्पे नांवाच्या लहानशा राज्याची हकीकत सांगावी असें आम्हांस वाटतें. १९३३ सालीं तेथील कायदेमंडळाची जी निवडणूक झाली, तींत सगळीं मिळून लाखाच्या आसपास मतें पडलीं. तरी त्या मतांचा उपयोग साऱ्या जर्मनीची सत्ता मिळविण्याकडे करण्यांत आला. आणि ज्या शेतकऱ्यांनीं त्या कामीं हात दिला, त्यांची स्वतःच्या जमिनीवरील सत्ताहि पुढें त्यांत गेली.

लिप्पे हें वायव्य जर्मनींतील राज्य. क्षेत्रफळ पावणेपांचशें चौरस मैलांच्या आंत, लोकवस्ती पावणेदोन लाखांच्या सुमारास व राजधानी डेटमोल्ड. १९१८ पर्यंत तें एक संस्थान होतें. पुढें तेथें लोकसत्ता आली. पुष्कळांची शेती लहान असल्यामुळें तेथील हजारों पुरुष उन्हाळ्यांत परमुलखीं वीटभट्ट्यांवर कामास जात व थंडींत घरीं परतत. राज्याचा कारभार बरींच वर्षें सोशल डेमोक्रॅट पक्षाचे हाइनरिख ड्राके यांचेकडे होता.

१९२८ च्या सुमारास जर्मन शेतकऱ्याचे दिवस फिरले. धान्याचे व जनावरांचे भाव घसरले. व्याज व कर मात्र उतरले नाहींत. ठिकठिकाणीं शेतांवर जप्त्या येऊं लागल्या. या संकटांत नाझी पक्षानें आपली संधि ओळखली. १९३० सालीं त्यानें शेतीविषयक जाहीरनामा काढला आणि वाल्थर डारे या गृहस्थाच्या हाताखालीं शेतकऱ्यांत काम करणारी स्वतंत्र यंत्रणा उभारली. "व्याजाच्या पाशांतून तुम्हांस सोडवूं, जमीन तुमच्या वंशाकडे कायम ठेवूं," असा त्यांच्या प्रचाराचा रोख असे. कर्जानें गांजलेल्या मनुष्यास असे शब्द गोड लागतात, यांत नवल नाहीं.

तथापि १९३२ च्या अखेरीस या पक्षास ओहोटी लागली होती. नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकींत त्याच्या जागा २३० वरून १९६ वर आल्या. तिजोरी रिकामी झाली होती, व डिसेंबरांत ग्रेगोर श्ट्रासर या वजनदार पुढाऱ्यानें पक्षांतील अधिकारपदें सोडलीं. अशा वेळीं ता. १५ जानेवारी १९३३ रोजीं लिप्पेची निवडणूक येत होती. हिटलरनें आपलें सारें बळ या चिमुकल्या राज्यावर लोटलें. ता. ४ पासून दहाबारा दिवसांत त्यानें स्वतः तेथें १६ सभा घेतल्या. ज्या खेड्यांत पूर्वीं एखादा जिल्ह्याचा पुढारीहि क्वचितच फिरकला असेल, तेथें देशांतील गाजलेले वक्ते जाऊन बोलूं लागले.

निकाल लागला तो असा. नाझी पक्षास ३९,०६४ मतें, म्हणजे शेंकडा ३९.५, व २१ पैकीं ९ जागा. सोशल डेमोक्रॅटांस ७, कम्युनिस्टांस २, व इतर तीन पक्षांस प्रत्येकीं एक. मागील जुलैमध्यें याच राज्यांत नाझींस ४२,२८० मतें पडलीं होतीं. म्हणजे एवढा खटाटोप करूनहि जुनी मजल गांठली गेली नव्हती, आणि दहांपैकीं सहा मतदारांनीं दुसऱ्या पक्षांस मत दिलें होतें. परंतु नोव्हेंबरच्या मानानें मतें वाढलीं, एवढ्याच गोष्टीचा डांगोरा पिटण्यांत आला. वारें पुन्हां फिरलें, असें पक्षाचीं वृत्तपत्रें सांगूं लागलीं. विरोधी सहाजण आपसांत फुटलेले असल्यानें त्यांच्या बहुमताचा आवाज कोठेंच उमटला नाहीं.

लिप्पेमुळेंच हिटलर अधिकारावर आला, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. ता. ४ जानेवारीसच कोलोन येथें एका सावकारी पेढीच्या मालकाच्या घरीं माजी चॅन्सेलर पापेन यांच्याशीं त्याचें गुप्त बोलणें झालें होतें. ता. ११ रोजीं राइख्सलांडबुंड या मोठ्या शेतकरी संघानेंहि त्या वेळच्या श्लायखर सरकारवर शेतीची लूट चालविल्याचा जाहीर आरोप केला. परंतु पडद्यामागील सौद्यांत "लोक अजून आमच्या मागें आहेत" असें सांगावयास लिप्पेचा आंकडा उपयोगीं पडला. ता. ३० जानेवारीस हिटलर चॅन्सेलर झाला.

पुढें काय झालें, तें शेतकऱ्यानें नीट ध्यानांत घ्यावें. त्याच वर्षाच्या जुलैपर्यंत दुसरा एकहि पक्ष उरला नाहीं. पुढील जानेवारींत लिप्पेसुद्धां सर्व राज्यांचीं कायदेमंडळें कायद्यानें मोडून टाकण्यांत आलीं. सप्टेंबर १९३३ मध्यें शेतीसंबंधीं दोन मोठे कायदे झाले. एकानें शेतकरी, व्यापारी व सहकारी संस्था या सर्वांस एका सरकारी मंडळाखालीं आणलें. भाव व विक्री तेथूनच ठरूं लागली. ज्या रायफायझन पतपेढ्यांचा आदर्श आपल्याकडील १९०४ च्या सहकारी कायद्यामागें होता, त्यांचें स्वातंत्र्यहि असें गेलें. दुसऱ्या कायद्यानें साधारणतः साडेसात ते सव्वाशें हेक्टरांपर्यंतचीं शेतें वंशपरंपरागत ठरविलीं. त्यांची जप्ती थांबली, ही गोष्ट खरी. भावहि कांहीं काळ सांवरले. परंतु मालकास जमीन विकतां येईना, गहाण ठेवून कर्ज काढतां येईना, सर्व मुलांत वांटतां येईना. ज्यू धर्माच्या वंशजांस तर शेतकरी हें नांवच नाकारण्यांत आलें. सरकारास नालायक वाटेल त्याच्या हातून शेतीची व्यवस्था काढून घेण्याचीहि सोय कायद्यांत होती. हा कायदा १९४७ पर्यंत टिकला. तोंवर महायुद्ध होऊन गेलें होतें, आणि कित्येक घरांत शेत कसणारा मुलगाच उरला नव्हता.

लिप्पेच्या शेतकऱ्याचें गाऱ्हाणें खोटें नव्हतें. भाव पडले होते, कर्ज डोईवर होतें व सरकार उदासीन होतें. चूक झाली ती एवढीच कीं, उमेदवार काय देतो हें त्यानें ऐकलें. काय काढून घेईल, हें विचारलें नाहीं. संकटांत सांपडलेला शेतकरी सावकाराच्या कागदावर अंगठा उठवितो, तेव्हां मुदत व अटी कोणीतरी वाचून दाखवाव्या लागतात. मताचेंहि तसेंच आहे. जो पक्ष पुढल्या खेपेस आपलें मत परत मागण्याचा हक्क ठेवीत नाहीं, त्यानें भाव दुप्पट देऊं केला तरी तो व्यवहार तोट्याचाच समजावा. आणि आपल्या चार मतांनीं काय होतें, हें विचारणाऱ्यांनीं लिप्पेचे ३९,०६४ हा आंकडा आठवावा.