शब्द हाही दस्तऐवजच

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे नाव खानदेशात कोणाला नवे नाही. परंतु जुनी दप्तरे गोळा करणारे एक विक्षिप्त पंडित, एवढीच त्यांची मूर्ती बहुतेकांच्या डोळ्यांपुढे असते. ते तितक्याच तोलाचे भाषाशास्त्रज्ञ होते आणि ही दोन्ही कामे त्यांच्या लेखी एकच होती, हे आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

राजवाड्यांचा जन्म १८६३ साली कुलाबा जिल्ह्यातील वरसई गावचा. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. १७५० ते १७६१, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रे त्यात आहेत. पुढे या मालेचे बावीस खंड झाले. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले, तेही त्यांच्या पुढाकाराने.

जुने पत्र हाती आले म्हणजे इतर अभ्यासक त्यातील तिथी आणि लढाया टिपीत; राजवाडे शब्दही मोजीत. १६२८ सालच्या एका कागदात त्यांना फारसी शब्द शेकडा पंचाऐंशीच्या घरात आढळले. १६७७ च्या कागदात सदतीसच्या आसपास. १७२८ च्या कागदात अवघे सहा. मधल्या काळात शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करविला होता. राज्य पालटले की कारकुनाची लेखणीही पालटते, ती अशी.

आता एकेका कागदावरून सबंध काळाचा निवाडा करावा काय, अशी शंका कोणी घेईल, आणि ती रास्तच आहे. कागद दरबारी की घरगुती, लिहिणारा कोण, यानेही शब्द बदलतात. राजवाड्यांच्या कित्येक व्युत्पत्ती पुढील पंडितांनी मानल्या नाहीत. पण शब्दाला साक्षीदार म्हणून उभे करण्याची त्यांनी घालून दिलेली वाट मात्र बुजली नाही.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचा देह पडला. भाषेवरील पुष्कळ काम तेव्हा टिपणांतच होते. धुळेकरांनी शोक करून हात जोडले असते, तर ते वाळवीच्याच मुखी पडते. परंतु जानेवारी १९२७ मध्येच येथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. पुढे १९३७ साली धातुकोश व १९४२ साली नामादिशब्दव्युत्पत्तिकोश प्रसिद्ध झाला. दोन्ही कोशांच्या संपादनाचे कष्ट कृ. पां. कुलकर्णी यांनी उपसले. एकट्याचे काम गावाने उचलले म्हणूनच ते टिकले.

तेव्हा जळगाव-धुळ्याच्या घरांतून माळ्यावर रुमालात बांधलेले कागद असतील, ते रद्दीत घालण्यापूर्वी एखाद्या जाणत्यास दाखवावेत. आणि आजीच्या तोंडची अहिराणी ऐकून, 'हा शब्द अशुद्ध' असे म्हणून तिला गप्प करू नये. तो वहीत उतरून घ्यावा. कागद जळाला तर निदान राख तरी दिसते. शब्द गेला तर गेल्याचे कळतही नाही.