वाघानं मारलेला मोजला जातो, बाकीचे?

चंद्रपुरात मोहफुलं वेचताना वाघानं माणूस मारला, की वनखातं लगेच पंचनामा करतं, कारण नुकसानभरपाई द्यायची असते. गडचिरोलीत नक्षली हिंसेत कुणी गेलं, तर पोलिसांत नोंद होते. पण घरात कुणी जीव दिला तर? ‘पोटात दुखत होतं,’ एवढंच सांगतात. पोलिसांची भानगड कुणाला हवीय!

म्हणून ‘तोंडी शवचिकित्सा’. कार्यकर्ता घरी जाऊन शेवटचे दिवस कसे गेले ते विचारतो आणि डॉक्टर त्यावरून कारण ठरवतात. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेनं ८६ गावांत असंच केलं. (लकवा किती जीव घेतो, तेही तिथं असंच कळलं.) देशभर अशी विचारपूस झाली, तेव्हा २०१० सालच्या आत्महत्यांचा अंदाज १ लाख ८७ हजार निघाला. पोलिसांकडे नोंद होती सुमारे १ लाख ३५ हजारांची.

आणि हो, मनात असं काही येत असेल तर १४४१६ वर बोला. फोन मोफत आहे.