कॅम्परची चाकं कुठून आणायची?

ई-सायकलमागे ओढायच्या घरगुती कॅम्परचं खरं दुखणं म्हणजे चाकं. वळताना सायकल कलते, दोन चाकी ट्रेलर कलत नाही. आडवा ताण थेट स्पोकवर येतो. म्हणून २६ इंचीचा मोह सोडा, २० इंची, ३६ स्पोकचं मजबूत चाक घ्या. टायरवरचा आकडा मात्र वाचा: ४०६ आणि ४५१ दोन्ही ‘२० इंची’ म्हणूनच विकले जातात, पण एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. साध्या सायकल-हबला दोन्हीकडून आधार लागतो; एकाच बाजूने धरायचं तर व्हीलचेअरची चाकं बरी. पुण्याच्या जुन्या बाजारात चाक घेताना हातात धरून फिरवा, बेअरिंग खरखरलं की ठेवून द्या. वजनही कमी ठेवा: भिंतींना प्लायवूड कशाला? पन्हळी प्लास्टिकची सनपॅक शीट पुरे. विनानोंदणी ई-सायकलची मोटर २५० वॉटच्या आतलीच, त्यात आपले घाट!