सागरावरील शेजारी

सांवेरची खान नदी क्षिप्रेस मिळते व ते पाणी अखेर समुद्रास जाते. आपणांस मात्र समुद्र क्वचितच दिसतो. तरीही तेथील ही हकीकत जाणून घ्यावी.

२०१८ साली अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीस निघाले. उपग्रहाचे मार्गदर्शन वर्ज्य. सेक्स्टंटने सूर्यतारे पाहून वाट काढावयाची. सप्टेंबरात हिंदी महासागरातील वादळात डोलकाठी मोडली, पाठीस जबर इजा झाली, हलणेही अशक्य झाले. त्याच वादळात आयरिश प्रतिस्पर्धी मॅकगुकिन यांच्याही डोलकाठ्या गेल्या होत्या; तथापि त्यांनी आपली मोडकी नौका टॉमींच्या दिशेने वळविली. २४ सप्टेंबरास ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने टॉमींस सोडविले.

उत्तम साधन कोणते, यावर दर्यावर्दी वाद घालतात. संकटस्थाकडे धावावे, याविषयी मात्र त्यांच्यात दुमत नाही.