जुनी बोलेरो, ब्रेक आणि पाटे

दिवाळीच्या सुट्टीत चिपळूणला गेलो आणि काकांनी अंगणातूनच हाक मारली, "काय इंजिनिअर, बघतोस का जरा गाडी?" गाडी म्हणजे त्यांची 2008 सालची बोलेरो. पुढे डिस्क, मागे ड्रम आणि मागच्या एक्सलला पाटे. पाटे म्हणजे आपली लीफ स्प्रिंग. कॉन्व्हेंटमध्ये हा शब्द कुणी शिकवला नव्हता!

पुढच्या डाव्या चाकाचे पॅड संपले होते, उजवे बरे दिसत होते. मी शहाणपणा करून डावेच बदलले. दोन दिवसांनी कराडहून येताना कुंभार्ली घाटात ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढायला लागली. मागे काकू देवाचं नाव घेत होत्या. दोन्ही चाकांवर घर्षण सारखं नसलं की असंच होणार. तेव्हा मित्रांनो, पॅड, लायनर, शॉकअप, काहीही असो, एका एक्सलवर जोडीनेच बदलायचं. आणि एकच बाजू लवकर का झिजली तेही शोधायचं. आमच्या कॅलिपरची पिन गंजून जाम झाली होती.

नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. चाकांना दगड, चासीखाली स्टँड, मगच पान्हा हातात. काढलेला कॅलिपर नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नव्या डॉट 3 चा उत्कलनबिंदू किमान 205 अंश, पाणी मुरल्यावर 140 पर्यंत चालतो. घाटात तापून त्याची वाफ झाली की पेडल थेट खाली! म्हणून दर दोन वर्षांनी बदला. हवा काढताना, मॅन्युअलमध्ये वेगळं नसेल तर, मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात करा. रबरी सील रॉकेलने धुवायचे नाहीत, ते फुगतात.

आता पाट्यांचे बुश. इथे बहुतेक जण चुकतात. गाडी उचललेली असतानाच बोल्ट आवळून टाकतात. मग गाडी खाली उतरली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून बोल्ट आधी हलकेच लावा, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्या आणि मग शेवटचं आवळा. यू-बोल्ट दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे. काका अर्थातच विसरले. संक्रांतीला गेलो तेव्हा चारही नट अर्धा-अर्धा फेरा आणखी बसले.