वारशाचे कागद हयातीतच

घरातल्या कर्त्या माणसाचे दिवसकार्य आटोपते आणि कागदांची शोधाशोध सुरू होते. एफडीच्या पावत्या कुठे आहेत, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट कुणाकडे आहे, गावच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचेच नाव कसे, असे प्रश्न एकामागून एक पुढे येतात. त्याच सुमारास तीन वाक्ये हमखास कानावर पडतात. "नॉमिनी मी आहे, म्हणजे पैसे माझे." "मुलींना लग्नात दिले, आता त्यांचा काय संबंध?" "वडील गेले, म्हणजे सगळे आपोआप आईचे." ही वाक्ये बोलणारी माणसे बहुधा प्रामाणिक असतात, पण कायद्यापुढे तिन्ही टिकत नाहीत. भावंडांमधले कितीतरी दावे याच गैरसमजांतून उभे राहतात. ते टाळायला जे काम लागते, ते माणूस हयात असताना थोड्या खर्चात होऊ शकते.

मृत्युपत्र नसेल तर काय होते?

हिंदू कुटुंबांना, आणि कायद्याच्या दृष्टीने त्यांच्यासोबत बौद्ध, जैन व शीख कुटुंबांनाही, 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होतो. समजा, पुण्यात स्वकष्टाने फ्लॅट घेतलेले एक गृहस्थ मृत्युपत्र न करता वारले. मागे पत्नी, मुलगा, विवाहित मुलगी आणि वृद्ध आई आहे. या फ्लॅटचे चार समान हिस्से होतात. पत्नीला पाव, मुलाला पाव, मुलीला पाव आणि आईला पाव. गृहस्थांचे वडील हयात असले तरी ते दुसऱ्या वर्गाचे वारस ठरतात आणि पहिल्या वर्गातले कुणीही असेपर्यंत त्यांना काही मिळत नाही.

पुढची पायरी बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. काही वर्षांनी ही आई, म्हणजे मुलांची आजीही मृत्युपत्र न करता जाते. आजोबा हयात नसतील, तर तिचा पाव हिस्सा आता तिच्या सगळ्या मुलांकडे जातो. गृहस्थांना एक भाऊ आणि एक बहीण असेल, तर त्या दोघांचा प्रत्येकी बारावा हिस्सा या फ्लॅटमध्ये येतो आणि उरलेला बारावा हिस्सा गृहस्थांच्या मुलांना मिळतो. आजीच्या हिश्श्यातून सुनेला काहीच मिळत नाही. ज्या घरात तिने संसार केला, ते विकायचे झाले तर दीर आणि नणंद या दोघांच्या सह्या लागतात. यात कुणाचीही लबाडी नाही. मृत्युपत्र नव्हते, एवढेच कारण.

स्त्रियांच्या बाबतीत तर अधिक सावध राहायला हवे. स्त्री मृत्युपत्राशिवाय गेली, तर तिची मालमत्ता आधी मुलांना आणि पतीला मिळते. दोन्ही नसतील, तर ती पतीच्या वारसांकडे जाते. तिच्या आईवडिलांचा क्रम त्यानंतरचा. म्हणजे मूलबाळ नसलेल्या विधवेने नोकरी करून साठवलेले पैसे जन्मदात्या आईआधी सासरच्या नातेवाइकांकडे जाऊ शकतात. आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता मात्र, तिला मूल नसेल तर, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. स्वतः कमावणाऱ्या प्रत्येक स्त्रीने मृत्युपत्र करावे असे मी आग्रहाने सांगते, ते यासाठीच.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

नॉमिनीचे काम रक्कम स्वीकारण्याचे असते. बँक त्याला पैसे देऊन आपल्या जबाबदारीतून मोकळी होते, पण त्याने ते खऱ्या वारसांना द्यायचे असतात. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही नॉमिनी मालक ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केले. आयुर्विम्यासाठी मात्र कायद्यात 2015 साली दुरुस्ती झाली. पती किंवा पत्नी, मुले अथवा आईवडील यांना नॉमिनी केले असेल, तर कायद्याने त्यांना लाभार्थी मानले आहे. म्हणून लग्नाआधी काढलेल्या पॉलिसीवर आज कुणाचे नाव आहे, ते आवर्जून तपासा.

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांचा नियमही समजून घ्यावा. सभासद वारल्यावर संस्था नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते. मालकी ठरते ती मृत्युपत्रावरून किंवा वारसाहक्काने.

म्हणून नॉमिनी नेमूच नये, असे नव्हे. नॉमिनी नसेल तर साध्या बचत खात्यातली रक्कम मिळवायलाही हेलपाटे घालावे लागतात. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक ठेवींसाठी चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात आणि प्रत्येकाची टक्केवारीही लिहिता येते. मृत्युपत्रात जी नावे आणि जे वाटे लिहाल, तेच इथेही लिहा. दोन कागद दोन गोष्टी बोलू लागले, की भांडणाला तोंड फुटते.

मुलीचा हिस्सा आणि हक्कसोडपत्र

वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क देणारी केंद्राची दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झाली. महाराष्ट्राने त्याआधी 1994 मध्येच, तोवर लग्न न झालेल्या मुलींसाठी, हे पाऊल उचलले होते. 2005 मध्ये वडील हयात नसतील तर काय, हा वाद पुढे बरीच वर्षे चालला. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मिटवला. हक्क जन्माने मिळतो, त्यामुळे दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही. 20 डिसेंबर 2004 पूर्वी कायदेशीर रीतीने झालेल्या वाटण्या मात्र उकरून काढता येत नाहीत. लग्नात घातलेले दागिने आणि केलेला खर्च यांमुळे हा हक्क संपत नाही.

तरीही अनेक घरांत बहिणीला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नेले जाते, "इथे सही कर" म्हटले जाते आणि ती माहेर तुटू नये म्हणून सही करते. नोंदणी झालेले हक्कसोडपत्र हा पक्का कागद असतो. फसवणूक किंवा दडपण झाले होते हे न्यायालयात सिद्ध करता आले तरच ते रद्द होऊ शकते, आणि ते सिद्ध करणे सोपे नसते. बहिणीने स्वखुशीने हिस्सा सोडला तर तो तिचा मोठेपणा आहे. पण कागद आधी घरी नेऊन वाचण्याची, समजून घेण्याची आणि नाही म्हणण्याची मोकळीक तिला मिळायलाच हवी. सल्ल्यासाठी पैसे नसतील, तर तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे स्त्रियांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळू शकतो.

मृत्युपत्र कसे करावे?

यासाठी स्टॅम्प पेपर लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. साध्या कागदावर, स्वच्छ मराठीत लिहिलेले मृत्युपत्र चालते. करणारी व्यक्ती सज्ञान आणि शुद्धीवर असावी. तिची सही किंवा अंगठा हवा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. साक्षीदारांनी मजकूर वाचला नाही तरी चालते, पण तिला सही करताना पाहिलेले असावे. साक्षीदार शक्यतो आपल्याहून तरुण आणि मृत्युपत्रात काहीही न मिळणारे निवडावेत.

प्रत्येक मालमत्तेचे पूर्ण वर्णन द्या: गट क्रमांक, फ्लॅट क्रमांक, बँकेची शाखा. अंमलबजावणी कोण करणार, त्याचे नाव लिहा. एखाद्या वारसाला कमी देणार असाल तर त्याचे कारण दोन ओळींत सांगा, म्हणजे "वडिलांकडून जबरदस्तीने लिहून घेतले" या आरोपातला जोर जातो. वय जास्त असेल तर त्याच दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडा आणि नोंदणी करून घ्या. मृत्युपत्र हवे तितक्या वेळा बदलता येते. शेवटचे तेच खरे, म्हणून तारीख विसरू नका. वडिलोपार्जित मालमत्तेत मात्र फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतेच लिहिता येते.

धर्म आणि प्रदेश यांप्रमाणे नियम बदलतात. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय साधारणपणे एक तृतीयांश मालमत्तेचेच मृत्युपत्र करता येते. ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांना 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. गोव्यात मुले आणि अन्य हक्काच्या वारसांसाठी निम्मी मालमत्ता राखीव असते, आणि लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पतीपत्नी सर्वसाधारणपणे निम्म्यानिम्म्याचे मालक असतात.

हयातीत देताना

बक्षीसपत्र केले की मालकी त्याच क्षणी जाते. मुलाच्या नावे घर केले आणि नंतर सांभाळ होईना, अशी वेळ आलीच तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम 23 उपयोगी पडते. प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करून असे हस्तांतर रद्द करून घेता येते. मात्र सांभाळाच्या अटीवर ते दिले होते, हे दिसावे लागते. म्हणून "आमचा आजन्म सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द बक्षीसपत्रातच लिहा. घर एकच असेल, तर बक्षीसपत्राऐवजी मृत्युपत्र करून मालकी अखेरपर्यंत स्वतःकडे ठेवणे अधिक सुरक्षित.

सातबारा आणि दाखले

जमीनधारक वारल्यावर तीन महिन्यांच्या आत वारसांनी तलाठ्याकडे कळवावे, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत आहे. अर्ज ई-हक्क प्रणालीतूनही करता येतो. त्यानंतर नोटीस निघते, हरकती ऐकल्या जातात आणि फेरफार मंजूर होतो. मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लागावीत म्हणून राज्याने 2025 मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीमही राबवली. पण फेरफार ही महसुली नोंद आहे, ती मालकी बहाल करत नाही. बहिणीचे नाव वगळून नोंद झाली, तरी तिचा हक्क बुडत नाही. मृत्युपत्र नसताना शेअर, ठेवी आणि येणी मिळवायला न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते. स्थावर मालमत्तेसाठी 1827 च्या मुंबई रेग्युलेशनखालचा वारस दाखला लागू शकतो.

दिवाळीत भावंडे एकत्र जमतात. फराळानंतरची एक दुपार या कामाला द्या. सगळ्या मालमत्तेची, कर्जांची आणि नॉमिनींची यादी करा, कागद कुठे ठेवले आहेत ते सर्वांना सांगा आणि सुना-लेकींना त्या बैठकीत बरोबरीने बसवा. कुणाला काय द्यायचे, हे आईवडिलांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले, त्यामागचा विचार मुलांनी ऐकला आणि तोच कागदावर सहीनिशी उतरला, तर पुढे न्यायालयाला विचारायला फारसे काही उरत नाही.